पिंपातली हवा

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभं राहून ऐकण्याजोगी ही गोष्ट नाही. हिच्यात मोठ्याने बोललेलं थोडं आणि तोंडातल्या तोंडात बोललेलं फार. पिनॉकांच्या घरात त्या रविवारी काय घडलं ते सांगतो, आणि एवढा शब्द देतो की यात दुष्ट माणूस एकही नाही. दुष्ट माणूस असता तर गोष्ट किती सोपी झाली असती.

डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, इझिकेल पिनॉक ऐंशीचे झाले तरी ट्रेलॉनी परगण्यातल्या आमच्या डोंगरावरच्या चर्चमध्ये गीताची ओळ तेच सांगत. पुस्तकं थोडी आणि वाचणारे त्याहून थोडे होते तेव्हापासूनची ही रीत. डीकनने ओळ बोलायची, मग सगळ्यांनी ती लांबवून, वळवून, छाती भरून गायची, आणि सूर खाली यायच्या आत डीकनने पुढची ओळ हातात द्यायची. बुडणाऱ्याला दोरी द्यावी तशी. माझ्या जन्मात त्यांची दोरी कधी चुकली नव्हती. त्या रविवारी चुकली. लोकांनी ओळ गाऊन संपवली आणि पुढची आलीच नाही. म्हातारा दोन्ही हातांनी कठडा धरून उभा, ओठ हलताहेत, आवाज नाही. शेवटी तिसऱ्या बाकावरून त्यांची मुलगी व्हेरोना उठली आणि तिने ती ओळ बोलून दिली. न्यूयॉर्कला जाऊन तिला वीस वर्षं झाली होती, पण ओळ विसरली नव्हती.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं. डीकनची नात केझाया त्यांच्या शेजारीच मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी किंग्स्टनला क्रीडापंचांपुढे तिची सुनावणी होती. अडथळ्यांच्या शर्यतीत ती देशात पहिली आली आणि त्याच दिवशी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं एक औषध निघालं. स्नायू वाढवणारं. निघालं ते सुईच्या टोकावर मावेल इतकं, पण निघालं. ते अंगात कसं गेलं हे सांगता आलं नाही तर चार वर्षं. केझाया पंचविशीची होती. अडथळ्यांवरून उडणाऱ्या मुलीला त्या वयात चार वर्षं म्हणजे नुसती बंदी नव्हे, निरोप.

घरी आल्यावर व्हेरोनाने चर्चची टोपी काढली, आईचा जुना एप्रन बांधला आणि नारळ खवायला घेतला. स्वयंपाकघरात तिची भावजय हायसिंथ, केझायाची आई, कोंबडी परतत होती. लॉईस्टनशी लग्न होऊन या घरात आल्यापासून हायसिंथ सासऱ्यांना ‘पापा’ म्हणायची. नमुन्याच्या निकालाची चिठ्ठी आली त्या दिवसापासून ‘डीकन’ म्हणायला लागली होती. व्हेरोनाला ते पहिल्या संध्याकाळीच कानाला खटकलं होतं.

हायसिंथने कढईकडे बघतच सगळं ओकून टाकलं. केझाया काय घेत होती? तर फक्त तू न्यूयॉर्कहून पाठवतेस त्या पिंपातून आलेली प्रथिनांची पावडर. तिने आधी फोन करून तुझ्याकडून नाव विचारून घेतलं, संघाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी होकार दिला, मगच तू पाठवलीस. वकिलाने त्याच कंपनीचा, त्याच वेळचा बंद डबा मागवून तपासून घेतला. पाण्यासारखा स्वच्छ. घरातली उघडी पावडर तपासायलाच नको म्हणाला, उघड्याला पुरावा म्हणून कुणी विचारत नाही. मग राहिलं काय? राहिला तो म्हाताऱ्याचा काढा. रानातली मुळं, साली, कुणाकुणाकडून विकत आणलेल्या जुड्या, सगळं परसात उकळायचं आणि शर्यतीच्या आधी पोरीला पेलाभर पाजायचं.

“पापांचा काढा पिऊन आपण सगळे वाढलो गं,” व्हेरोना म्हणाली.

“तुम्ही वाढलात. तुमची लघवी कुणी तपासली नाही.”

व्हेरोना खवणीवर वाकली. मनातून तिला हायसिंथचं पटत होतं, आणि पटतंय याची लाज वाटत होती. ती ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, त्यांच्या उशाशी बसायची. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन वर्षं. म्हातारी माणसं प्रेमाने काय काय चुका करतात ते तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. सोमवारी ती साक्षीच्या खुर्चीत बसून एवढंच सांगणार होती, की हो, मी हीच पावडर घेतली, हीच पाठवली. ते खरं होतं. तिच्याकडून भाचीला तेवढाच आधार होता.

बाहेर व्हरांड्यात लॉईस्टन बापाच्या पायाशी बसला होता. तो मिनीबस चालवायचा आणि दिवसभर उतारूंशी भांडून घरी आला की फारसं बोलायचा नाही. त्याला वाटत होतं, पापा आज नातीसाठी प्रार्थना करायला सांगतील. पण म्हाताऱ्याने वेगळंच काढलं. म्हणाले, मी वकिलाला फोन केलाय. उद्या मीही येतोय. सांगणार आहे की माझ्या काढ्याने झालं. मुळं कुणाकडून घेतली, कशात उकळली, मला आठवत नाही म्हणून सांगणार आहे.

लॉईस्टनने समोरच्या यामच्या कंदांच्या वेलांकडे पाहिलं. हे वेल बापाने लावलेले. बारा गावांत ज्याच्या शब्दाला कुणी साक्षीदार मागितला नाही असा माणूस उद्या परक्या लोकांपुढे ‘मी पोरीला विष दिलं’ म्हणणार. त्याला नाही म्हणायचं होतं. पण त्याच्या मनात दुसरा एक आवाज आला, की म्हाताऱ्यावर कोण बंदी घालणार? त्यांना कुठे पळायचंय? तो आवाज त्याचाच होता. त्याने तो गिळला, आणि बापाचा हात धरून म्हणाला, “बरं पापा.” त्या दोन शब्दांची त्याला पुढे आयुष्यभर आठवण राहिली.

जेवायला सगळे एकत्र बसले. डीकननी प्रार्थना लांबवली, अन्न निवलं, कुणी तक्रार केली नाही. राजमा-भात, कोंबडी, भाजलेला नीरफणस. केझाया ताटात चमचा फिरवत होती. ती लहानपणापासून जेवताना पाय हलवायची, टेबल थरथरायचं आणि ओरडा खायची. त्या दिवशी टेबल स्थिर होतं. व्हेरोनाला ते सहन होईना. हसू आणण्यासाठी तिने आपली बॅग तिथेच ओढून आणली आणि भेटी काढायला सुरुवात केली.

आमच्याकडे व्हेरोनाच्या पिंपाची ख्याती होती. दर नाताळाला तिचं निळं पिंप बोटीने यायचं, आणि ते उघडायच्या आधी डीकन त्यावर हात ठेवून आभार मानायचे. आत बोट घालायला जागा नसायची. बुटांत मोजे, मोज्यांत साबण. केटलीत चहा, चहात दालचिनी. खोके ती कधीच पाठवत नसे. सगळं डब्यांतून काढून पिशव्यांत ओतायचं, पिशव्या दाबून कोपऱ्याकोपऱ्यात ठासायच्या. ‘भाडं द्यायचं ते सामानाला, हवेला नाही,’ हे तिचं वाक्य. शेजारचे म्हणायचे, प्रलयाच्या वेळी तारू भरायचं काम व्हेरोनाकडे असतं तर नोहाला हत्तींची आणखी एक जोडी नेता आली असती.

बॅगही तशीच निघाली. एका टोपीतून तीन ब्लाऊज आणि पापांचा नवा चष्मा बाहेर आला तेव्हा लॉईस्टन किती दिवसांनी हसला. म्हणाला, सिस, पुढल्या वेळी तू स्वतःच पिंपात बसून ये, तिकीट वाचेल.

“बसले असते रे, पण मग तांदूळ कुठे ठेवू?” व्हेरोना खुलली. “गेल्या नाताळचा तो मोठा टोप आठवतो ना? त्यात मी केझायाची पावडर बसवली. एका डब्याची पावडर, टोप काही भरेना, झाकण आपलं वाजतंय. मग मिस्टर अब्राम्सच्या नातवाचा डबा होता, तो ओतला वरून. तेव्हा कुठे झाकण हलायचं थांबलं.”

केझायाचा चमचा थांबला.

“कुठला डबा, आंटी व्ही?”

व्हेरोना अजून हसतच होती. मिस्टर अब्राम्स म्हणजे ती सांभाळायची ते म्हातारेबाबा. ते गेल्यावर घर रिकामं करत होते. नातू वजनं उचलणारा, धिप्पाड. त्याचा जवळजवळ भरलेला डबा कचऱ्याच्या ढिगात निघाला होता. अन्न कुणी टाकतं का? तिने विचारून घेतला. तीच वस्तू. तशीच पांढरी, तसाच व्हॅनिलाचा वास. सांगता सांगता तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला. शेवटचे शब्द तिने कुणाला ऐकूच येणार नाहीत असे उच्चारले.

“एकाच पिशवीत केलं दोन्ही.”

हायसिंथला अर्थ लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागला तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. तळाशी पांढरी पावडर उरली होती. तो टेबलाच्या मधोमध ठेवून ती म्हणाली, “मी रोज सकाळी मक्याच्या पेजेत दोन चमचे घालून दिलं. माझ्या हाताने.”

मग व्हायचं ते झालं. घर दोनदा फुटलं, आणि दोन्ही वेळा वेगळ्या जागी. आधी हायसिंथ नणंदेवर उलटली. सकाळी जिच्याशी सासऱ्याविरुद्ध एक झाली होती तिलाच म्हणाली, वीस वर्षं आम्ही तुझ्या पिंपापुढे हात जोडले, आणि तू आम्हाला दुसऱ्याचा कचरा पाठवलास. लॉईस्टन मधे पडला. तो बसवाल्यासारखं बोलला, हिशोबाने. म्हणाला, हे इथेच राहू दे. पापांचं सांगून झालंय, वकिलाने लिहून घेतलंय, तेच चालू ठेवू. सिसला काम देणाऱ्या एजन्सीचा नियम आहे, रुग्णाच्या घरातून काडीही उचलायची नाही. हे बाहेर पडलं तर तिचं काम जाईल. आणि त्या नातवाचा डबा आता आहे कुठे? पुराव्याशिवाय ते यावर विश्वास ठेवतील कशावरून?

“बहिणीला वाचवायला मुलगी देतोस?” हायसिंथने विचारलं.

“कुणाला देत नाही. पापा स्वतःहून—”

“म्हणजे बाप देतोस.”

तेव्हा डीकन बोलले. त्यांचा आवाज चर्चमधला होता, ओळ सांगतानाचा, पण अगदी खाली.

“लॉईस्टन, मी उद्या खोटं बोलायला निघालो नव्हतो. मला तेच खरं वाटत होतं. चिठ्ठी आली तेव्हापासून मी झोपताना देवाला हेच सांगतोय, की माझ्या हाताने झालं. आता ते खरं नाही हे कळलं. आता तेच शब्द बोललो तर ते खोटं होईल.” मग ते म्हणाले, “खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं मला. माझ्या लेकीच्या अंगावर पडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची क्षमा मला वेगळी मागावी लागेल.”

हायसिंथने मान खाली घातली. इतक्या दिवसांचा ‘डीकन’ आता तिच्या तोंडी येईना. ती उठली, सासऱ्यांचं निवलेलं ताट उचललं आणि “गरम करून आणते, पापा,” एवढंच म्हणाली.

मग केझाया बोलली, डब्याकडे बघत.

“माझंही आहे. मी लिहून दिलंय की पावडर तपासून घेतली. मी नाव तपासलं होतं. डबा मी पाहिलाच नाही. आली ती पिशवी. पिशवीवर काहीच नव्हतं, तरी मी खाल्ली. उद्या ते विचारतील का खाल्ली, तर काय सांगू? पिंपातून आलेल्या वस्तूला आमच्या घरात कुणी नाव विचारत नाही?”

पिंप म्हणजे व्हेरोनाची पाठ, व्हेरोनाचे सुजलेले पाय, थंडीत पहाटे निघून तिने पकडलेल्या बसेस. त्यात संशयाने हात घालणं हे आमच्यात पाप समजलं असतं.

व्हेरोना मागच्या दाराने बाहेर गेली. पावसाचं पाणी साठवायच्या टाकीपाशी दगडी पायरी आहे, तिथे बसली. तिला रडू येत नव्हतं. ती मनात पुन्हा पुन्हा तो टोप भरत होती आणि पुन्हा पुन्हा झाकण वाजू देत होती. वाजू दे. थोडं वाजलं असतं तर काय झालं असतं?

केझाया येऊन शेजारी बसली. बराच वेळ दोघी यामच्या उतारावरून ढगाची सावली सरकताना बघत होत्या.

“माझे पळायचे पहिले काट्यांचे बूट तूच पाठवलेस,” केझाया म्हणाली. “आत मोजे, मोज्यांत साबण. शाळेच्या पहिल्या शर्यतीला घाम आला आणि पायाला फेस झाला. मागच्या पोरी घसरल्या म्हणून मी पहिली आले, असं पप्पा अजून सांगतात.”

व्हेरोनाला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. ती पदराने डोळे पुसावेत तशी एप्रनने तोंड झाकून बसली. मग म्हणाली, “शिव्या दे मला. दिल्यास तर बरं वाटेल गं.”

“आज नाही जमणार, आंटी. आणि माफ करणंही आज नाही जमणार. दोन्हींतलं एक जमेपर्यंत इथे बसते.”

तिने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं नाही. पण उठूनही गेली नाही. व्हेरोनाने त्यातच सगळं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लॉईस्टनच्या बसमधून सगळे किंग्स्टनला गेले. पुढच्या सीटवर म्हातारा, मांडीवर बिस्किटांचा डबा. व्हेरोनाने खुर्चीत बसून सगळं सांगितलं, टोपापासून झाकणापर्यंत. समोरच्या वकिलाने विचारलं, त्या डब्यावर काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं का? ती म्हणाली, “नाही, साहेब. अन्नाचा डबा होता. तो कुठे मावेल एवढंच मी पाहिलं.” पुढच्या आठवड्यांत डब्यातली उरलेली पावडर तपासली गेली, तेच औषध निघालं. पंचांनी लिहिलं की या बाईवर आमचा विश्वास आहे. आणि पुढे हेही लिहिलं, की शरीरात जे जातं त्याची राखण खेळाडूने स्वतः करायची असते, प्रेमाने पाठवलेल्याचीसुद्धा. चाराची दोन वर्षं झाली.

दोन वर्षं म्हणजे थोडी, असं लोक म्हणाले. व्हेरोनाचं काम त्याच महिन्यात गेलं. मग तिने धुण्याच्या दुकानात काम धरलं. दुसऱ्या वर्षी याम खणायच्या दिवसांत डीकन गेले. मातीला आलेल्या व्हेरोनाला लोकांनीच पुढे केलं, आणि बापाच्या शवपेटीशी उभं राहून तिने ओळी सांगितल्या. ती ओळ द्यायची आणि आम्ही गायचो. एकदाही दोरी चुकली नाही. केझाया त्या वेळी दारात उभी होती, आणि तिने आत्याच्या ओळी सगळ्यांहून मोठ्याने गायल्या. मला वाटतं, दोन्हींतलं एक तिला तेव्हा जमलं.

बंदी संपल्यावर ती एकच हंगाम पळाली. पाय होते, पण अडथळ्याआधी ती किंचित थांबायची, जणू पलीकडे काय आहे ते आधी वाचायचंय. तिने बूट टांगले. आता आमच्या शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवते, आणि त्यांच्या डब्यात काय आहे ते रोज विचारते.

पिंप अजून येतं. बापाच्या जागी लॉईस्टन त्यावर हात ठेवतो. पण आता ते गडगडत आणताना आत सगळं खडखडतं. साबण साबणाच्या खोक्यात, चहा चहाच्या डब्यात, प्रत्येक वस्तू आपल्या झाकणानिशी, आपल्या नावानिशी, न उघडलेली. बूट रिकामे. टोप रिकामे. धुण्याच्या दुकानातल्या मजुरीतून व्हेरोना अर्ध्या पिंपाच्या हवेचं भाडं भरते. पहिल्यांदा असं पिंप आलं तेव्हा हायसिंथने सवयीने बुटात हात घातला. काहीच हाती लागलं नाही, आणि तो हात तसाच आत ठेवून ती खूप वेळ रडली.

तुम्हीही कधी लांबच्या माणसासाठी काही बांधायला बसाल. एखाद्या कोपऱ्यात जागा उरेल, आणि ती भरावीशी वाटेल. तेव्हा हात क्षणभर थांबवा आणि आमच्या व्हेरोनाची आठवण काढा. तिने कुणाला कधी रिकामं काही पाठवलं नव्हतं.